नऊ पोरांची खिचडी

न्हावऱ्याच्या पुढं, उसात बुडालेल्या एका वस्तीवर दोन खोल्यांची शाळा होती. गिताबाई तिथं सहा वर्षं खिचडी शिजवत होती. मागं एकदा वस्तीत कुजबुज झाली होती, खिचडीवाली तांदूळ घरी नेते म्हणून. तेव्हापासून बाई दाणा न् दाणा जपायची. पातेल्याच्या तळाला चिकटलेलं शीत कोंबड्यांना टाकायचं, तेही चारजणींना दाखवून.

शाळेत पोरं उरली होती नऊ. बाकीची पिवळ्या गाडीत बसून इंग्रजी शाळेत जात. शाळा समितीचे अध्यक्ष पोपटराव झेंडावंदनाला म्हणायचे, मराठी शाळा म्हणजे आपली आई. त्यांचा नातू मात्र त्याच पिवळ्या गाडीत खिडकीशी बसायचा. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात!

मास्तर एकच, संघर्ष सर. माणूस वाईट नव्हता, पण त्याचा दिवस मोबाईलवर सरकारी कामं उरकण्यात जायचा. आज मतदारयादी, उद्या कसली तरी लिंक, परवा झाडांचे फोटो. फळ्यावरची तारीखसुद्धा कधीकधी गेल्या आठवड्यातली असायची. रशीदची अफरीन चौथीत पोचली तरी तिला धड वाचता येत नव्हतं. त्यात पोरीचा काय दोष? तिला कुणी शिकवलंच नव्हतं.

तपासणी येणार असं कळलं आणि सरांना घाम फुटला. कागदावर एकवीस पोरं होती. पिवळ्या गाडीतली बारा नावं पोपटरावांनी जूनमध्येच घालायला लावली होती. पोरं कमी दिसली तर शाळा बंद होणार, आणि शाळा बंद झाली की अफरीनही घरी बसणार, हे गिताबाईला पक्कं ठाऊक होतं. गावची शाळा चार किलोमीटरवर. मधल्या रस्त्यावर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर पळतात. कोणता बाप एकट्या पोरीला तिथून धाडील?

साहेब वाचायला लावतील म्हणून सर आठ दिवस अफरीनशेजारी बसले, चार वर्षांत पहिल्यांदा. त्यांनी कासवाचा धडा घेतला. पोरगी रोज लवकर यायची आणि चुलीपाशी तो गिताबाईला वाचून दाखवायची. गिताबाई अक्षरशत्रू, पण ऐकून ऐकून तिचा धडा पाठ झाला. 'आश्चर्यचकित' आलं की पोरगी अडायची, आणि पुढचं वाक्य माहीत असूनही गिताबाई गप्प बसायची.

तपासणीच्या दिवशी बारा पोरं आणून बसवली. टाय काढले, बूट काढले. पायांवर मोज्यांचे वळ तेवढे राहिले. गिताबाईनं मोठं पातेलं मागून आणलं होतं.

साहेब आले, त्यांनी डोकी मोजली, फोटो काढला. खिचडी दोनदा मागून घेतली. हात धुता धुता हसत म्हणाले, "मावशी, गोण्यांनी तांदूळ येतो तुमच्याकडं. घरी किती जातो?"

साहेबांनी थट्टाच केली होती. पण गिताबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं त्यांना हाताला धरूनच कोठीत नेलं.

"ह्या बघा गोण्या! शिवनसुदीक उसवली न्हाई. रोज नऊ पोरांचं शिजवती मी, नऊच पोरांचं! दाणा उचलला आसंल तर हात झडू दे माझा!"

दारात उभ्या असलेल्या सरांनी डोळे मिटून घेतले.

"नऊ?" साहेबांनी विचारलं. त्यांचं हसू गेलं होतं.

तेव्हा कुठं बाईला उमगलं. पण तोंडातून गेलेला शब्द परत येतो थोडाच! साहेब भिंतीला लावलेल्या गोण्या बघत राहिले, मग वही काढून लिहू लागले.

महिन्याभरात शाळेला कुलूप लागलं. सरांची बदली झाली. पोपटराव रस्त्यात भेटले तेव्हा म्हणाले, "गिताबाई, चार गोण्या चोरल्या आसत्या तर शाळा तरी ऱ्हायली आसती." बाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ती रशीदकडे गेली, अफरीनला गावच्या शाळेत घाल म्हणाली. तो पंपाची मोटार उघडून तारा भरत बसला होता. "मावशी, धंदा सोडून मी हिला न्यायला-आणायला जाऊ व्हय? ऱ्हाऊ द्या घरी. धाकट्याला बघंल."

गिताबाई शाळेची भांडी परत द्यायला म्हणून घासत पायरीवर बसली होती, तेव्हा अफरीन आली. कडेवर धाकटा, हातात पुस्तक.

"आजी, साहेबांनी मला वाचायला लावलंच न्हाई."

"न्हाई गं बाई."

"मला येत हुतं."

तिनं भावाला खाली ठेवलं आणि वाचायला लागली. 'आश्चर्यचकित' आलं आणि गेलं, पोरगी अडली नाही. गिताबाईचे डोळे भरून आले. राख लागलेल्या हातानं तिनं पोरीची अलाबला घेतली.

अफरीननं खुशीत पान उलटलं. पुढच्या धड्याच्या दुसऱ्याच शब्दाला अडली. त्यावर बोट ठेवून तिनं पुस्तक गिताबाईसमोर धरलं.

"आजी, हे काय हाय?"

हा धडा गिताबाईनं कधी ऐकलाच नव्हता. ती त्या बोटाकडे बघत राहिली.