टॉवरवरून पाहिलेला निकाल

मी दुर्बीण बोलतेय. जपानमधल्या हाकोदाते शहराच्या टॉवरवर, काचेला नाक लावून तेवीस वर्षं उभी आहे. शंभर येनचं नाणं टाकलं की तीन मिनिटं माझा डोळा उघडतो, मग झडप पडते. माणसांनी माझ्यातून डोंगर पाहिले, जहाजं पाहिली आणि निम्म्यांनी तर स्वतःचं हॉटेलच शोधलं!

मार्चमधल्या एका सकाळी इवाबुची आले. लांबच्या किनाऱ्यावर समुद्री शेवाळ वाळवणारा माणूस. त्यांनी मला थेट खाली, नर्सिंग कॉलेजच्या अंगणाकडे वळवलं. मागे रांगेत तेराउची आजी होत्या. इवाबुची न राहवून त्यांना सांगू लागले, "आज माझ्या मुलीच्या, मिनोरीच्या प्रवेशपरीक्षेचा निकाल आहे. तिसरी खेप. 'बाबा, येऊ नका, नापास झाले की तुमचा चेहरा बघवत नाही,' म्हणाली. म्हणून चोरून आलोय."

अंगणातल्या निकालाच्या फळ्यावरचं कापड निघालं. एवढ्या उंचावरून परीक्षा क्रमांक दिसेनात, पण त्यांची गरजही नसते. पास झालेल्याला वरच्या वर्गातली मुलं उचलून हवेत उडवतात. एक उडाला. दुसरी उडाली. मिनोरीचा लाल मफलर कुठेय? इवाबुचींच्या श्वासाने माझी काच धुरकटली. सापडला! फळ्यासमोरच! आणि माझी झडप पडली.

दुसरं नाणं त्यांच्या मुठीत होतं. पण रांग म्हणजे रांग. जीव टांगणीला लागलेला असताना हा माणूस कमरेत वाकून म्हणतो, "माफ करा, फार वेळ घेतला. आता आपण." मला अस्सा राग आला!

"अहो, मी रोजची," आजी म्हणाल्या. "माझी जहाजं कुठे पळतायत?"

"नको, नको. आपला नंबर आहे."

आजींनी चिडून नाणं टाकलं आणि डोळा लावला. "लाल मफलर ना? दिसली. कोणी उचलत नाहीये हो तिला. नुसती उभी आहे. आता फोन काढला."

इवाबुचींचा खिसा वाजला.

"हं... हं... असू दे गं. जेवलीस का?" मग, "मी? मी घरीच आहे."

आजी फोनजवळ तोंड नेऊन ओरडल्या, "पोरी, टॉवरकडे बघ! तुझा बाप इथे थरथरतोय!"

त्यांनी घाईने पुन्हा डोळा लावला. "वर बघतेय. रडतेय हो. अहो, पळत सुटली, इकडेच!"

इवाबुची लिफ्टकडे धावले, लोकांना ढकलत, कुणाचीही माफी न मागता.

माझी काच आता ओरखडली आहे. पुढच्या महिन्यात मला उतरवणार आहेत. जाता जाता एवढंच सांगते, डोंगर आणि जहाजं खुशाल लांबून बघा. आपल्या माणसाला असं बघू नका. मी त्या बापाला लेक दाखवली, पण तिचे डोळे पुसायला माझ्याकडे हात नव्हते.