मोठ्यानं वाचलेला धडा

धसईच्या आमच्या घरात अभ्यास म्हणजे मोठ्यानं वाचणं. माझा आवाज येत असला की आई मला कामाला हाक मारत नसे. पाणी, शेण, कांडण सगळं एकटी करी. मी मात्र लबाड. पाठ झालेला नदीचा धडाच रोज म्हणत बसे आणि बघे वाटेवरची माणसं.

अठ्ठावन्न साली मुरबाडला सातवीच्या परीक्षेत मी नापास झाले.

"एवढा अभ्यास केलास, तरी कसं गो?" आई म्हणाली.

त्या पावसाळ्यात चिखलात वाकून भाताची रोपं लावताना आई तोच धडा म्हणत होती, एकही शब्द न चुकता. मग कंबर सरळ करून तिनं विचारलं, "गोजर, याच्या पुढचा धडा कोनता गो?"

ते पान मी कधी उलटलंच नव्हतं.