कोर्टाचा माणूस

गोष्टीत खुर्ची उचलायची वेळ आली की लक्ष्मणराव धारूरकर बाकावरून उठून उभे राहत. गारखेड्यातल्या त्या बागेत सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींना ही गोष्ट तोंडपाठ होती, तरी लक्ष्मणराव उठले की सगळे निमूट ऐकत. एका सरकारी खात्याने दोन वर्षं कोर्टाचा हुकूम धाब्यावर बसवला होता. शेवटी जजसाहेबांनी जप्तीचं वॉरंट काढलं आणि ते बजावायला बेलिफ म्हणून लक्ष्मणराव गेले. खात्याचे मोठे साहेब खुर्चीत रेलून बसलेले. "साहेब, जरा उठता का, खुर्ची जप्त करायची आहे," एवढंच ते म्हणाले आणि साहेब मुकाट उठले. आज ती खुर्ची ते हातवारे करत दाराबाहेर काढत होते, तेवढ्यात रामकिसनने मध्येच तोंड घातलं.

रामकिसन एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेला, लक्ष्मणरावांचा वीस वर्षांचा दोस्त. दोस्त असल्यामुळे त्यांची खोडी काढण्याचा हक्क त्याने स्वतःकडे राखून ठेवला होता. तो म्हणाला, "धारूरकर, तुमच्या अमेरिकेत आता कोर्टाचं कुणी ऐकंना झालंय म्हणं. मोबाइलवर आलंय. तिकडं जावा की, लई खुर्च्या पडल्यात उचलायला."

सगळे हसले. लक्ष्मणरावांना मात्र ते लागलं. मुलगी चारुता तिकडे जाऊन वकील झाल्यापासून अमेरिकेवर त्यांचा आपल्या कोर्टाइतकाच जीव होता. तिथल्या सुप्रीम कोर्टात किती जज बसतात, कुणाला कुणी नेमलं, सगळं त्यांना ठाऊक होतं. गेलं वर्षभर रोज काहीतरी नवं कानावर येई. आज कुणा अधिकाऱ्याला तडकाफडकी काढलं, उद्या निकाल दिला म्हणून जजलाच शिव्या. दरवेळी लक्ष्मणराव ठासून सांगत की हे चार दिवसांचं आहे, त्या देशात जजची सही म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. आजही ते तेच सांगणार होते, पण खिशातला फोन वाजला.

फोन चारुताचाच होता. तिकडे रात्रीचे दहा वाजले असणार आणि या वेळी ती कधी फोन करत नसे. लक्ष्मणराव नळापाशी जाऊन उभे राहिले.

चारुता सरळ मुद्द्यावर आली. तिकडच्या एका सरकारी खात्याच्या वकिलांच्या ऑफिसात ती बारा वर्षं होती. मागच्या आठवड्यात खात्याने तेवीस माणसांना देशाबाहेर घालवायचं ठरवलं आणि एका जजबाईंनी त्याला स्थगिती दिली. स्थगितीचा हुकूम पाच वाजून दहा मिनिटांनी चारुताच्याच कॉम्प्युटरवर आला. तिने तो त्याच मिनिटाला साहेबांकडे पाठवला. माणसांना घेऊन जाणारी बस सुटली साडेसहाला. आता जजबाई विचारत होत्या की हुकूम असताना बस सुटलीच कशी. साहेबांचं म्हणणं असं, की हुकूम मिळाला तेव्हा बस निघून गेली होती असं शपथपत्र चारुताने करून द्यावं. उद्या दुपारच्या आत सही हवी होती. याआधी अशाच प्रकरणांत खरं बोललेल्या ऑफिसातल्या दोघांना महिन्याभरात घरी बसवलं होतं. जजबाईंना तर धमक्या येत होत्या, त्यांच्या घराचा पत्ता कुणीतरी इंटरनेटवर टाकला होता.

तिचा नवरा हिमांशू सही कर म्हणत होता, आणि त्याचंही चुकत नव्हतं. हिवाळ्यात त्याची नोकरी गेली होती, घर चारुताच्या पगारावर चाललं होतं, आणि नात अश्लेषा पुढच्या वर्षी कॉलेजात जायची होती.

"मी हिमांशूला म्हटलं, माझ्या बाबांनी भर ऑफिसातून साहेबाची खुर्ची उचलली होती," चारुता म्हणाली. "बाबा, तुम्ही फक्त एकदा म्हणा, नको करू सही. मग मला धीर येईल."

जे शब्द लेकीला हवे होते ते लक्ष्मणरावांनी आयुष्यभर बागेतल्या मंडळींना फुकट वाटले होते, आणि आज ते ओठांवर येईनात.

"सही करून टाक, बाळा," ते म्हणाले. "वर बसलेत ते घेतील बघून. तू कशाला पोळून घेतेस?"

तिने विचारलं, "तुम्ही म्हणताय हे?"

बाप म्हणून म्हणतोय, असं काहीतरी ते पुटपुटले. तिने बरं म्हटलं, सकाळी साडेआठला ऑफिसला निघेन म्हणाली आणि फोन ठेवला. लक्ष्मणराव बाकाकडे न जाता मागच्या फाटकाने घरी आले.

खुर्चीच्या गोष्टीला एक उत्तरार्ध होता आणि तो बागेत कुणी ऐकलेला नव्हता. खुर्ची उचलली त्याच्या महिनाभरात लक्ष्मणरावांची बदली साठेक किलोमीटरवरच्या सिल्लोडला झाली. कारण कुणी सांगितलं नाही, त्यांनी विचारलंही नाही. तीन वर्षं ते एसटीने रोज येऊनजाऊन करत होते. बायको अंबिकाला दमा. एकदा तिचा श्वास अडकला तेव्हा ते वाटेत फुलंब्रीजवळ एसटीत उभे होते आणि शेजाऱ्यांनी तिला दवाखान्यात नेलं. अंबिका त्यातून वाचली, पण लक्ष्मणरावांच्या आत काहीतरी मोडलं ते मोडलंच. परत शहरात बदली मिळाली तेव्हा त्यांनी देवासमोर कान पकडले. चारुता तेव्हा पुण्याला कायदा शिकत होती आणि मैत्रिणींना खुर्चीची गोष्ट सांगत होती.

शहरात परत आल्यावर दोनच महिन्यांनी पडेगावचं प्रकरण आलं. तिथे मुंजाबा शिंगाडे नावाच्या धनगराचं दोन खोल्यांचं घर आणि मेंढरांचा वाडा होता. एका खात्याला ती जागा हवी होती आणि घर पाडायचं मशीन सकाळीच जाऊन उभं राहिलं होतं. कोर्टाने साडेदहाला स्थगिती दिली. स्थगितीचा कागद जागेवरच्या अधिकाऱ्याच्या हातात पडेपर्यंत मशीन थांबत नसे, हा रिवाज सगळ्यांना माहीत होता. कागद लक्ष्मणरावांच्या पिशवीत होता आणि स्कूटरने पडेगाव वीस मिनिटांवर होतं.

छावणीच्या नाक्यावर त्या खात्यातला शिवराज नावाचा कारकून वाट अडवून उभा होता. चहा घेऊ म्हणाला. चहानंतर भजी आली, भज्यांनंतर पुन्हा चहा. शिवराजने त्यांना काही देऊ केलं नाही की धमकावलं नाही. वहिनींचा दमा कसा आहे एवढं विचारलं, आणि सिल्लोडचा रस्ता आता बरा झालाय का, एवढं. लक्ष्मणराव साडेबारापर्यंत तिथे बसून राहिले. उठायचं त्यांनी दोनदा मनात आणलं होतं.

ते पोचले तेव्हा मशीन माघारी निघालं होतं. अधिकाऱ्याने शांतपणे कागद घेतला, पोच दिली, वेळ टाकली, दुपारी एक. मुंजाबा मेंढरं धरून बसला होता. त्याची बायको राजाबाई विटांखालून भांडी ओढून काढत होती.

कोर्टातला कागद तर सकाळीच निघाला होता, मग उशीर कसा, असं मुंजाबाने विचारलं. लक्ष्मणराव म्हणाले, गाडी पंक्चर झाली.

मुंजाबाने स्कूटरकडे पाहिलं. "चाकं तर टणक हायती," तो म्हणाला.

"गप ऱ्हा," राजाबाई त्याच्यावर ओरडली. "कोर्टाचा माणूस हाय त्यो. खोटं कशाला बोलंल?"

मग चेपलेल्या हंड्यातून तिने तांब्या भरून लक्ष्मणरावांपुढे धरला. उन्हातून आलात, म्हणाली. लक्ष्मणराव ते पाणी प्यायले.

अहवालात त्यांनी लिहिलं, वाहन पंक्चर झाल्याने विलंब. पुढे शिंगाड्यांच्या वकिलाने कोर्टाच्या अवमानाचा अर्ज केला, तेव्हा जजसाहेबांनी तो अहवाल वाचला आणि अर्ज फेटाळला. धारूरकर बेलिफांचा शब्द म्हणजे शब्द, असं ते भर कोर्टात म्हणाले. त्या दिवशी कोर्टाच्या मागच्या पायऱ्यांवर लक्ष्मणराव रडले होते. पण अहवाल दुरुस्त करायला ते पुन्हा आत गेले नाहीत. अंबिका गेली, निवृत्ती झाली, तो अहवाल तसाच राहिला.

दुपारी जेवण न करता ते रिक्षाने पडेगावला गेले. बावीस वर्षांत दौलताबादच्या रस्त्याने जाणं झालं की त्या जागी ते पलीकडच्या खिडकीतून बाहेर बघत. आज उतरून पाहिलं तर दुमजली दुकानं उभी होती आणि घर कुठे होतं तेही सांगता येईना. पानटपरीवर कडुबा नावाचे एक म्हातारे गृहस्थ बसले होते, त्यांना शिंगाडे आठवत होते. मेंढरं विकली त्यांनी, कडुबा म्हणाले. मुंजाबा उसाच्या फडावर गेला अन् तिकडंच मेला. बाईचं काय झालं, कुणाला ठावं. "तुमी कोण त्यांचे?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा लक्ष्मणरावांनी कोणी नाही म्हणून सांगितलं आणि तेच सांगितल्याचा घरी येईपर्यंत त्यांना पश्चात्ताप होत राहिला.

संध्याकाळी सहाच्या आधीच त्यांनी फोन लावला. चारुता गाडीत बसत होती. सकाळी बोललो ते विसर, आधी मला एक सांगू दे, असं म्हणून त्यांनी सगळं सांगितलं. सिल्लोड, छावणीचा चहा, टणक चाकं, अहवाल, काही गाळलं नाही.

"भीतीने केलं मी," शेवटी ते म्हणाले. "आणि सकाळी तुला सही कर म्हणालो तेही भीतीनेच."

चारुताने पहिला प्रश्न विचारला, आईला माहीत होतं का. नव्हतं, ते म्हणाले. पुढे बोलली तेव्हा तिचा आवाज अगदी सपाट होता, साक्षीदाराशी बोलतात तसा. बापाशी ती या आवाजात कधी बोलली नव्हती आणि आता पहिल्यासारखी कधी बोलणार नाही, हे लक्ष्मणरावांना कळून चुकलं. त्यांनी ते पदरात घेतलं.

"रात्री त्या तेवीस जणांची नावं पुन्हा वाचली मी," ती म्हणाली. "सही करत नाही. आज तसं कळवते." आणि थोड्या वेळाने, "तुम्हाला पाणी देणाऱ्या त्या बाईचं नाव सांगा मला. पूर्ण सांगा, लिहून घेते."

लक्ष्मणराव नकळत उठून ताठ उभे राहिले. एकतीस वर्षं त्यांनी परक्या दारांत उभं राहून नाव, वय, धंदा आणि पत्ता एका दमात पुकारला होता.

"राजाबाई मुंजाबा शिंगाडे," ते म्हणाले. "वय वर्षं पस्तीस. धंदा मेंढपाळी. राहणार..."

"राहणार कुठं, बाबा?" चारुताने विचारलं.