रोलर फिरवलेली जमीन

थोरल्याचं सारं आयुष्य खेळाच्या मैदानावर रोलर फिरवण्यात गेलं. जमीन तळहातासारखी सपाट दिसली नाही की त्याला घास गोड लागत नसे. निवृत्तीनंतर त्यानं उतारावर फळझाडं लावली. झाडांखालची माती वाहून जाऊ नये म्हणून धाकट्या भावानं आपल्या दुकानातलं बी दिलं, शेंगवर्गातल्या पसरत्या वेलाचं. "माती मोकळी ठेव रे दादा," असं बजावलंही. पण मैदान राखणाऱ्याला जमिनीचं काय शिकवायचं? जित्याची खोड! यानं ओल्या मातीवर मनसोक्त रोलर फिरवला आणि मग वरवर उकरून बी टाकलं.

बी उगवलं, पण वेल बोटभर वाढून पिवळे पडले आणि वाळले. थोरला तडक दुकानात गेला. गिऱ्हाइकांसमोर म्हणाला, "सख्ख्या भावाच्या गळ्यात सडकं बी मारलंस? लाज नाही वाटली?" नाचता येईना, अंगण वाकडं! धाकट्यानं मान खाली घालून पुढच्या गिऱ्हाइकाचं बी मोजायला घेतलं. त्यानंतर त्याचं घरी येणं मात्र बंद झालं.

पुढे वाळलेले वेल काढायला थोरला खुरपं घेऊन बसला. मुळं खालच्या टणक थरावर अडून आडवी वळली होती. कुंपणालगत, जिथे रोलर पोचलाच नव्हता, तिथे मात्र तोच वेल गच्च माजला होता. त्यातला एक त्यानं उपटला. मुळांवर गाठीच गाठी, एक फोडली तर आत गुलाबी. याच गाठी वेलाला पोसतात, हे धाकट्यानं किती हौसेनं सांगितलं होतं. थोरल्याला स्वतःचीच किळस आली.

"आता कुठल्या तोंडानं जाऊ त्याच्याकडे?"

"ज्या तोंडानं बोललात, त्याच," बायको म्हणाली.

तो गेला. दुकानात गर्दी होती, तेवढंच बरं. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "बी चांगलं होतं. जमीन मीच दडपली. चूक माझी."

धाकट्यानं स्टूल पुढे सरकवलं. "मला ठाऊक होतं, दादा. ओल्या मातीवर रोलर फिरवलास हे वहिनी बोलली होती."

"मग तेव्हाच का नाही बोललास?"

"बियाचं काय, ते मी तुला कुंडीत उगवून दाखवलं असतं. पण मी तुला फसवणार नाही, हे कशात उगवून दाखवू?"

थोरल्याला त्या स्टुलावर बसायचा धीर झाला नाही.