गैरसोयीचा तपशील

कागदी पेल्याच्या कडेचा नखाएवढा तुकडा गायब होता. तो आपण कुरतडला तर होताच, पण गिळलाही की काय, या विचारात ओव्हिला टेसिये असताना न्यायाधीशबाई दावा फेटाळल्याचं बोलून गेल्या. म्हणजे तो जिंकला होता. मागची बाकं रिकामी होती.

सहा हजार तीनशे डॉलर. त्याच्या वारलेल्या बायकोच्या, एलोडीच्या, नावावर एका दुकानाने दिलेल्या उधारीच्या कार्डावरचे. कार्डाच्या अर्जावर ओव्हिलाचीही सही आहे, असं वसुली कंपनीचं म्हणणं. अर्जावर सह्या झाल्या त्या दुपारी तो निकेलच्या खाणीत चार हजार फूट खाली होता... हजेरीपत्रक त्यानेच हुडकलं, वकिलाशिवाय. मात्र कंपनीच्या पहिल्या पत्राला त्याने ‘उत्तराला उशीर झाला, माफ करा’ असं लिहिलं होतं, आणि ही कर्जाची कबुलीच आहे, असं कंपनीची तरुण प्रतिनिधी कोस्तियुक अर्धा तास मांडत होती.

“मिस कोस्तियुक,” बाई म्हणाल्या होत्या, “आपल्या सडबरीत ज्याचा पाय तुडवला जातो तोच माफी मागतो. पुढे चला.”

आता त्या त्याच्याकडे वळल्या. “खर्चाचं बोला, मिस्टर टेसिये. स्वतः लढलात, तेव्हा गैरसोयीबद्दल पाचशेपर्यंत मागता येतात. काय काय गैरसोय झाली?”

गैरसोय — एलोडी गेली त्या हिवाळ्यात त्याचा आवाज आठवडेच्या आठवडे नुसता पडून असायचा, एकदा दुकानात दूध मागायला तोंड उघडलं तर घशातून नुसती खरखर आली, आणि मग दारात दाव्याची नोटीस पडली, तिच्यावर त्याचं पूर्ण नाव, मधल्या नावासकट, एकही अक्षर न चुकता... इतक्या अगत्याने त्याला कित्येक महिन्यांत कुणी हाक मारली नव्हती. मग चौदा महिने मंगळवार-गुरुवार ग्रंथालय, “आलात वकीलसाहेब? परवाचं पुस्तक अजून टेबलावरच आहे, मेलं कुणी चोरतही नाही,” असं म्हणणारी ग्रंथपाल पिर्को, तिची जळकी कॉफी. घरी स्वयंपाकघरात एलोडीच्या खुर्चीसमोर उभं राहून युक्तिवादाची तालीम — खुर्ची बहुतेक मुद्दे त्याच्याविरुद्धच निकाली काढायची, जिवंतपणीची सवय. यातली गैरसोय कुठली म्हणून सांगायची? नाही म्हणावं तर पाचशे डॉलर जातात, आणि एवढं बरं कशाने वाटलं, हे भर कोर्टात नोंदलं जातं. हो म्हणावं तर... खोटं त्याने इथे अजून एकदाही सांगितलं नव्हतं.

“पार्किंग,” तो म्हणाला. “बत्तीस डॉलर.”

“एवढंच?”

“पावत्या आहेत.”

कोस्तियुक त्याच्याकडे झुकून कुजबुजली, “अहो, मागा की सगळे. माझ्या खिशातून थोडेच जाणार आहेत?”

तो ओशाळून हसला. बाईंनी काहीतरी लिहून घेतलं, आदेश टपालाने येईल म्हणाल्या, आणि पुढचं नाव पुकारलं गेलं. दारात शिरणाऱ्या माणसाच्या हातात फुगलेली फाइल होती, आणि ओव्हिलाला त्याचा चक्क हेवा वाटला.

गाडीत बसूनही त्याने किल्ली फिरवली नाही. उद्या गुरुवार. पिर्को विचारेल, काय झालं? जिंकलो. ती टाळ्या वाजवेल, कदाचित पेल्याला पेला भिडवेल, आणि मग विचारेलच — मग आज काय काढू, कुठलं पुस्तक? आणि त्याच्याकडे ना कलम, ना पुढची तारीख... ‘असाच आलो,’ म्हणता येईल. साधं वाक्य. बंद काचांच्या आत त्याने ते हळूच म्हणून पाहिलं, आणि कोर्टात तासभर न कापलेला त्याचा आवाज दुसऱ्या शब्दावर कापला.