नीलम्माचा ऊन पाण्याचा हौद

नीलम्माचे गुडघे धरले तेव्हा डॉक्टरांनी ऊन पाण्यात बसायला सांगितलं. तिच्या नवऱ्यानं, विरुपाक्षानं, परसात चक्क फरशीचा हौदच बांधून घेतला. त्याचं सात रस्ता चौकात पंपांचं दुकान, त्यामुळे नळ्या, पंप, पाणी तापवायचा हीटर सगळं घरचंच. पण नळाला पाणी एक दिवसाआड. हौद रोज कोण उपसणार? तेच पाणी टिकावं म्हणून तो मूठभर ब्लीचिंग पावडर टाकायचा. नीलम्माचे डोळे चुरचुरायचे, लुगड्याचा रंग विटायचा.

मग जहाजावर नोकरीला असलेल्या पुतण्यानं परदेशातून ओझोनचं यंत्र आणलं. ते घुमत घुमत पाण्यात बारीक बुडबुडे सोडायचं. पाणी आरशासारखं झालं. विरुपाक्षानं पावडर बंद केली. नीलम्मानं खुशीत शेजारच्या शांतम्माला आणि मागच्या गल्लीतल्या गोजाबाईंना बोलावलं. गुडघे तिघींचे सारखेच. दुपारभर हौदात गप्पा रंगू लागल्या.

थोड्याच दिवसांत पाणी गढुळलं, फरशी बुळबुळीत झाली. विरुपाक्षानं यंत्र खोलून पाहिलं, दोष सापडला नाही. पाणीपुरवठ्यातल्या मित्रानं सांगितलं, की ओझोन आपलं काम करून उडून जातो, मागं राखणीला थोडी पावडर लागतेच. त्यानं तपासायचे थेंबही दिले. बाटलीत हौदाचं पाणी घेऊन ते टाकल्यावर पाणी फिकट पिवळं दिसलं म्हणजे पावडर पुरेशी.

हौद धुऊन नवं पाणी भरलं, चिमूटभर पावडर टाकली. सकाळी बाटलीतलं पाणी पिवळं दिसायचं, तिघी बसून उठल्या की कोरं. विरुपाक्ष पावडर वाढवायला निघाला. नीलम्मानं त्याला थांबवलं. पाण्यावरचा तवंग तिनं केव्हाच पाहिला होता. गोजाबाई गुडघ्यांना निरगुडीचं तेल चोपडून यायच्या, पावडर त्या तेलातच खर्ची पडायची. बोलावलेल्या बाईला सांगायचं कसं, म्हणून ती गप्प होती.

दुसऱ्या दिवशी तिनं दोघींना चाचरत सांगितलं, की आत उतरण्याआधी शिकेकाईनं अंग धुवायचं.

"म्हंजे आंगूळ करून आंगुळीला बसायचं व्हय?" गोजाबाई म्हणाल्या, आणि पिशवी उचलून घरी गेल्या.

मग बाटलीतलं पाणी रोज पिवळं दिसू लागलं. विरुपाक्ष खूश, पण नीलम्माला त्या पाण्यात करमेना. शांतम्मा तरी एकटी किती बोलणार? शेवटी गुडघे सावरत ती गोजाबाईंच्या दारात गेली.

"तेल नंतर लावू की. मी चोळून देते," ती म्हणाली.

गोजाबाईंनी तांदळाचं सूप बाजूला सारलं. मग म्हणाल्या, "जोर लावून चोळाया पायजे. सुनेसारखं वरवर न्हाय."

त्या दुपारी तिघी हौदातून निघून ओसरीवर पाय पसरून बसल्या. नीलम्मा तेल चोळत होती. शांतम्मानं मैंदर्गीच्या एका लग्नाची हकीकत काढली होती, त्यात नवरामुलगाच रुसून बसला होता. विरुपाक्ष पिवळ्या पाण्याची बाटली दाखवायला आला. तिकडं कुणी पाहिलंच नाही.