डावीकडे न वळणारा झोत

खंडेनवमीला हत्यारांची पूजा होते. आमच्या प्रयोगशाळेतल्या हत्यारांपैकी माझी अँटेना तेवढी ऐन वेळी चालेल की नाही, याची कुणालाच खात्री नव्हती. म्हणून आमचे लॅब अटेंडंट वाळूभाऊ यांनी सगळ्यात जास्त भक्तिभावाने तिलाच पुजलं.

अँटेना म्हणजे पेढ्याएवढी पांढरी सिरॅमिकची चकती, तांब्याच्या पत्र्यावर बसवलेली. कडेने चार सुया. कोणत्या सुईला किती सिग्नल द्यायचा ते बदललं, की तिच्यातून निघणारा रेडिओलहरींचा झोत त्या बाजूला झुकतो. चकती जागची हलत नाही. पाच वर्षं मी एवढंच केलं होतं. झोत चारही बाजूंना तीस अंश झुकतो, असं प्रबंधात लिहिलं होतं, आणि बाहेरचे परीक्षक डॉ. गुळवे त्याच दुपारी ते बघायला आले. नाही झुकला तर आणखी एक वर्ष.

पडद्यावरच्या आलेखात झोत उजवीकडे झुकला. पुढे झुकला, मागेही झुकला. डावीकडे म्हटल्यावर मात्र सरळ छताकडे बघत राहिला.

"हाई काय शे?" खैरनार सर माझ्या कानाशी पुटपुटले. माझे गाईड सटाण्याचे, घरी अहिराणी बोलणारे. घाबरले की आधी त्यांची प्रमाण मराठी पळते. मग मोठ्याने म्हणाले, "डावी बाजू आम्ही मुद्दाम स्थिर ठेवलीये, सर. तुलनेसाठी."

"कशाशी तुलना?" गुळव्यांनी विचारलं.

"उजवीशी."

मी केबल बदलून पाहिली. फरक नाही. मग वाकून चकती पाहिली. डाव्या सुईपाशी कुंकवाचं बोट, आणि चकतीखाली शिरलेला चिकट ओघळ.

"वाळूभाऊ, नारळ कुठे फोडलात?"

"हितंच, टेबलाच्या कडेला. पाणी सगळ्यांवर शिंपडलं. हिच्यावर जरा लयच. तुमची परीक्षा ना ताई आज."

नारळाच्या पाण्यात क्षार असतात. डाव्या सुईचा सिग्नल त्यातच जिरत होता.

सरांनी माझं कोपर दाबलं. "पूजेचा विषय काढू नकोस. तुलनाच राहू दे."

पाच वर्षांत मी सरांना कधी विरोध केला नव्हता. ते प्रयोगशाळेत फारसे येत नसल्यामुळे ते सोपं गेलं होतं.

"तुलना नाहीये," मी गुळव्यांना म्हणाले. "नारळपाणी आहे. चकती काढून पुसावी लागेल. परत बसवताना अर्धा मिलिमीटर सरकली, तर उरलेल्या तीन बाजूही बिघडतील."

"मग?"

"मग एक वर्ष."

"काढा," ते म्हणाले आणि स्टूल पुढे ओढून बसले.

स्पिरिटने पुसलं. हॉस्टेलवरून आणलेल्या हेअर ड्रायरने वाळवलं. वाळूभाऊ दाराशी उभे राहून कुरकुरत होते, "वर्कशॉपातल्या लेथवरबी असंच शिंपडतो आम्ही. लेथ कधी रुसत नाय."

श्वास रोखून चकती बसवली. डावीकडचा आदेश दिला. पडद्यावरचा आलेख झुकला. सत्तावीस अंश. उरलेल्या तीन बाजू एकोणतीसच्या आसपास.

"प्रबंधात तीस आहे," गुळवे म्हणाले.

"तीसच धरा सर," खैरनार सर म्हणाले. "एवढं तर मोजणाऱ्याच्या डोळ्यात असतं."

"सत्तावीस," मी म्हणाले. "चकती सरकली आहे. आजचे आकडे प्रबंधात घालते."

गुळव्यांनी अहवालावर 'डावीकडे सत्तावीस अंश, दुरुस्तीसह मान्य' असं लिहिलं, सही केली आणि कागद सरांकडे सरकवला. सरांनी पेन हातात घेऊन बराच वेळ त्या सत्तावीसकडे पाहिलं. मग सही केली.